बंधनकारक नाही

आमच्या काकांना आयुष्यात एकच पत्र लिहायचं होतं. फार वर्षांपूर्वी, मुंबईला सरकारी कचेरीत असताना, त्यांनी तीन ओळींचं टिपण लिहून एका गुरांच्या डॉक्टरची नोकरी घालवली होती; त्या डॉक्टरला. मी त्यांच्या घरात भाडेकरू होते ती तीन वर्षं ते हे पत्र जवळजवळ रोज लिहीत होते. परदेशी टपालाचं निळं एरोग्राम घ्यायचं, डावीकडे चार बोटं समास दुमडायचा, ‘महोदय’ लिहायचं आणि मग खिडकीबाहेर बघत बसायचं. चहा निवून जायचा. संध्याकाळी ते ‘महोदय’ घडी घालून पोह्यांच्या डब्यात ठेवलं जायचं. सून बिचारी पोहे काढायला जायची तर दर वेळी चार-पाच महोदय हाताला लागायचे.

ते घर मला आठवतं ते सगळं वाफेतून. जर्सी सिटीतलं लाकडी, दुमजली; काळ ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचा. खाली काका, त्यांचा मुलगा, सून आणि नऊ वर्षांची नात, वर मी. माझा नवरा तेव्हा टेक्सासात पीएच.डी. करत होता, म्हणजे निदान तसं फोनवर सांगत तरी होता. माझी नोकरी पहाटेच्या पाळीची, नदीखालच्या गाडीनं मॅनहॅटनला जायचं आणि दुपारी दोनला घरी. मी येऊन पडायची, खोली तापवणारा रेडिएटर सुंसुं करायचा, नदीवरून धुकं चढून यायचं, पलीकडच्या काठावरच्या इमारती अर्ध्या दिसायच्या, अर्ध्या नाहीत. डोळा लागतोय न लागतोय तोच जिन्यातून हाक यायची, ‘सदस्य महोदया, आहात का घरात?’

सदस्य महोदया म्हणजे मी. लोकसेवा आयोगाची. आयोगात सदस्य एकच, आणि कचेरी माझ्या स्वयंपाकघरात.

आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर काका नुसतेच चक्रम वाटतील. चक्रम होतेच म्हणा. मुलाचा जुना ओव्हरकोट घालत, त्याच्या बाह्या बोटांच्या खाली दोन इंच लोंबत. फ्रिजमधल्या दुधाच्या डब्यावरची तारीख बघून त्यावर पेननं ‘पाहिले’ लिहीत आणि खाली बारीक सही ठोकत. वाण्याच्या यादीलाही समास सोडत. पण त्यांचं खरं वेड होतं तिसऱ्या माणसाचं. त्यांचं म्हणणं असं, की शिक्षा देणारा एक असतो, घेणारा एक असतो, आणि दोघंही तापलेले असतात. म्हणून हुकूम काढायच्या आधी तिसऱ्याला विचारावं. ज्याला यातलं काही मिळणारही नाही आणि ज्याचं काही जाणारही नाही. सरकारात हा तिसरा म्हणजे लोकसेवा आयोग. अधिकाऱ्याला शिक्षा करायची तर आयोगाचा सल्ला घ्यावा, असं राज्यघटनेतच लिहिलंय. घरात हा तिसरा म्हणजे वरची भाडेकरीण.

पहिलं प्रकरण आलं ते बाळकृष्णाचं. नातीनं देव्हाऱ्यातला चांदीचा बाळकृष्ण दप्तरात घालून शाळेत नेला. अमेरिकन शाळांत ‘शो अँड टेल’ म्हणून प्रकार असतो, घरची एखादी वस्तू न्यायची आणि वर्गाला दाखवायची. बाळकृष्ण सव्वीस पोरांच्या हातांतून फिरला, एकानं तो तोंडात घातला. सुनेच्या कानावर गेलं आणि ती जी भडकली, एक महिना टीव्ही बंद!

अर्ध्या तासात काका वर. हातात फाइल, फाइलला भेटवस्तू बांधायची गुलाबी रिबीन, मागे फुरंगटलेली नात.

‘प्रकरण सादर,’ काका म्हणाले. ‘आरोप, खुलासा, सोबत मूर्ती.’

मी हसू दाबून पोरीला विचारलं, ‘का गं नेलास?’

‘ही वॉज बोअर्ड, मावशी. ही जस्ट सिट्स देअर.’

आता यावर आयोगानं काय बोलावं! मी दोन दिवस टीव्ही बंद आणि देवाला दुधाची अंघोळ असा निकाल दिला. काकांनी तो लिहून घेतला, खाली जाऊन सुनेला वाचून दाखवला. ती पोळ्या लाटत होती. ‘ऐकलं बाबा,’ म्हणाली, ‘पण महिना म्हणजे महिना.’

मला वाटलं, काका खट्टू होतील. छे! जिन्यात भेटले तर खुशीत. ‘सल्ला मानलाच पाहिजे असं नाही हो. ऐकला ना? झालं तर.’ आणि मग माझ्यासाठी झाकून ठेवलेलं थालीपीठ दिलं. कारण प्रकरण चालू असेस्तोवर सदस्याला त्या घरचं काही खाऊ द्यायचं नाही, असा त्यांचा कडक नियम होता. एकदा तीन दिवस निकाल लांबला तर तीन दिवस खालून फोडणीचा वास नुसता नाकानं घेतला मी. नंतरचे निकाल मी भराभर दिले, खोटं कशाला बोलू.

आणि दुपारची ती स्वप्नं. बारा ते दोन काका झोपत आणि झोपेत एक फाइल पाठवत. त्या गुरांच्या डॉक्टरचीच. जी खऱ्या आयुष्यात आयोगाकडे गेलीच नव्हती, ती स्वप्नात रोज निघायची. दोनला डोळे चोळत ते पुढच्या पायऱ्यांवर येऊन बसत, मीही चहा घेऊन जाऊन बसे.

‘आज कुठवर गेली?’ मी विचारायची.

‘आज शिपायानं बोटीत ठेवली. नदी हीच, समोरची. शिपाई मात्र आपला, खाकी टोपीवाला.’

दुसऱ्या दिवशी फाइल पलीकडे पोचलेली असायची, एका उंच इमारतीच्या लिफ्टमध्ये एकटीच वर जात असायची. कधी आयोगाच्या दारापाशी, दार सताड उघडं आणि सगळे सदस्य जेवायला गेलेले. कधी गाई असायच्या, रस्ताभर, शांत उभ्या, आणि फाइल त्यांच्यामधून वाट काढत चाललेली. एकदा ती बर्फात पडून भिजली. त्या दिवशी काका संध्याकाळपर्यंत बेचैन होते, आणि खरं सांगते, मीही होते. ऑफिसात बसल्या बसल्या माझ्या मनात यायचं, आज पोचली असेल का? मी इंजिनियर बाई, कॉम्प्युटरवर काम करणारी, आणि मला एका म्हाताऱ्याच्या स्वप्नातल्या फाइलीचा घोर!

पण नोकरी घालवली म्हणजे नक्की काय केलं, हे त्यांनी मला बरेच दिवस सांगितलं नव्हतं. ते कळलं मंडळाच्या भांडणामुळे.

आमच्या मराठी मंडळाचं संक्रांतीचं नाटक होतं. तालीम दर रविवारी दुपारी, एका चर्चच्या तळघरात. नाटकाचा प्रॉम्प्टर तीन रविवार आलाच नाही. अध्यक्ष म्हणजे एक मोठे सर्जन, त्यांना उशीर म्हटलं की अंगाची लाही व्हायची. त्यांनी जाहीर करून टाकलं, ‘त्याला कमिटीतून काढलं. डन. पुढे चला.’

मागच्या खुर्चीवर ओव्हरकोट हलला. काका उभे राहिले.

‘त्याला विचारलं का, का आला नाही ते?’

‘काका, फोन केला होता. उचलला नाही.’

‘मग दुसऱ्या कुणाला विचारलं का? जो कमिटीत नाही, त्याचा मित्र नाही, असा कुणी?’

‘काका, प्लीज यार... सॉरी, म्हणजे, काका प्लीज. आपल्या मंडळाच्या घटनेत असं कुठे आहे? हे काय बंधनकारक आहे का?’

सर्जनसाहेब सहज बोलून गेले. पण काकांचा चेहरा असा झाला, जणू चालता चालता पायाखालची पायरीच नाहीशी व्हावी. सगळं तळघर त्यांच्याकडे बघत होतं. त्यांनी कोटाच्या बाहीत हात ओढून घेतले.

‘नाही,’ ते हळूच म्हणाले. ‘बंधनकारक नाही. मीच लिहिलंय तसं.’ आणि बसले.

परत येताना ते माझ्या गाडीत होते. हायवेच्या दोन्ही अंगांना दलदल, तिच्यात पुरुषभर उंच सुकलेलं गवत, आणि थंडीतलं चार वाजताचं पिवळं ऊन. ट्रॅफिक ठप्प. गाडी चालतही नव्हती आणि थांबलेलीही नव्हती. काका काचेतून बाहेर बघत बोलू लागले, माझ्याशी की त्या गवताशी कोण जाणे.

डॉक्टर तिशीचा होता. राजपत्रित, दुसऱ्या वर्गाचा. जिल्ह्यात गुरांची साथ आलेली, आणि हा अकरा दिवस मुख्यालयात नाही, रजा नाही, परवानगी नाही. विधानसभेत प्रश्न आला. खुलासा मागितला तर त्यानं एक ओळ लिहून पाठवली, ‘मी कामावर होतो.’ काकांनी समासात शेरा मारला, ‘खुलासा मोघम.’ नियमाप्रमाणे कागद आयोगाकडे जायला हवे होते, पण त्यात दोन-तीन महिने जातात आणि सचिवांना अधिवेशन संपायच्या आत माणूस बडतर्फ झालेला हवा होता. काका तेव्हा खात्यातले हुशार अवर सचिव. त्यांनी निकाल शोधून काढला. सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं, आयोगाला विचारावं हे खरं, पण विचारलं नाही म्हणून शिक्षा रद्द होत नाही. काकांनी तीन ओळी लिहिल्या: आयोगाशी विचारविनिमय बंधनकारक नाही, सबब आदेश काढण्यास हरकत नाही. सचिवांनी वर लिहिलं, ‘उत्तम.’ डॉक्टर कोर्टात गेला. कोर्टानं काकांच्याच तीन ओळी जड भाषेत सांगितल्या.

‘म्हणजे तुमचं बरोबरच होतं की,’ मी म्हटलं.

‘बरोबर होतं ना. चुकलं असतं तर कोर्टानं दुरुस्त केलं असतं. बरोबर होतं म्हणून राहून गेलं.’

दोन वर्षांनी फाइल दप्तरखान्यात पाठवायची म्हणून ते पानांना आकडे घालत होते. एका जोडपत्रामागे भलतंच पान चिकटलेलं सापडलं. शेजारच्या तालुक्यातल्या एका वाडीचा अर्ज. मोडक्या अक्षरांत लिहिलं होतं: डॉक्टर अकरा दिवस आमच्या गोठ्यांत निजले, आमची जनावरं त्यांनी जगवली, तुमच्याकडे ते गैरहजर असतील, आमच्याकडे हजर होते. खाली नावं, आणि नावांपुढे बहुतेक अंगठेच. अर्ज बडतर्फीच्या आधीच आलेला होता.

‘मग तुम्ही काय केलंत?’

‘पानाला आकडा घातला. एक्केचाळीस.’ गाडी चार हात पुढे सरकली. ‘नवं टिपण लिहायला हवं होतं. लिहिलं नाही. बढतीची यादी लागायची होती माझी.’

मला राग आला. त्यांचा आला, त्या सचिवांचा आला, आणि असल्या प्रेमळ माणसानं हे करावं याचा तर फारच आला. मी हॉर्न वाजवला, उगाचच.

दुसऱ्या दिवशी ते फाइल घेऊन वर आले. गुलाबी रिबीन. आत आरोपपत्र, स्वतःविरुद्ध, स्वतःच्या अक्षरात. डॉक्टरचा पत्ता त्यांना कुणाकडून तरी मिळाला होता. घाटावरच्या एका तालुक्याच्या गावात त्याचा खासगी दवाखाना होता. मुद्दा एकच: पत्र लिहावे किंवा कसे.

मी फाइल मिटून म्हटलं, ‘लिहा. आज लिहा.’

‘सल्ला ऐकला,’ काका म्हणाले आणि खाली गेले. महिना गेला, दोन गेले. पोह्यांचा डबा भरत राहिला. मुलगाही त्यांच्या मागे लागला होता, ‘बाबा, सरकारी कागदाचं बाहेर सांगितलंत तर पेन्शन गोत्यात येईल. कशाला उकरून काढता?’ पण काकांचं भय पेन्शनचं नव्हतं. एकदा पायऱ्यांवर ते म्हणाले, ‘तो शिव्या देईल, ते चालेल. तो म्हणाला, कोण तुम्ही, मला आठवत नाही, तर मी काय करायचं?’

आणि मग आमची पीएच.डी. संपली. म्हणजे नवऱ्याची. त्याला तिकडेच नोकरी लागली आणि मला टेक्सासला जायचं ठरलं. एप्रिल संपत आला होता, समोरच्या झाडाला गुलाबी फुलं, फुटपाथभर त्यांचा सडा. काका त्या दिवशी नवा मसुदा घेऊन वर आले. ‘पहावा,’ म्हणाले. वर ‘महोदय’, खाली पांढरं.

माझी बांधाबांध चाललेली, कंबर मोडलेली, आणि तोंडाला माझ्या कधी लगाम नव्हताच. ‘काका, आयोग बरखास्त!’ मी ओरडले. ‘मी चालले. आणि ऐका, तुम्हाला विचारायची सवय नाहीये, तुम्हाला उशीर करायची सवय आहे. त्याला विचारलं नाहीत तेव्हाही, आणि आत्ताही. मला विचारता, पोरीला विचारता, स्वप्नात विचारता. ज्याला विचारायचं त्याला सोडून!’

काकांनी कागदाची घडी घातली, बाही सावरत जिना उतरले. मी खोक्यावर बसून रडले, इतकी लाज वाटली मला. बापाच्या वयाच्या माणसाला असं बोलतं का कुणी?

दुसऱ्या दिवशी ते एरोग्राम डिंकानं चिकटवूनच घेऊन आले. मला वाचायला दिलं नाही. कोपऱ्यावरच्या टपालाच्या निळ्या पेटीपर्यंत आम्ही दोघं चालत गेलो. त्यांनी झडप ओढली, पत्र आत टाकलं, झडप पुन्हा उघडून ते पडलं का ते बघितलं. ‘काय लिहिलंत?’ मी विचारलं.

‘सगळं. पान एक्केचाळीससुद्धा. यादीचंही.’

मी माझं जाणं दोन आठवडे पुढे ढकललं, मग आणखी दोन. नवरा फोनवर कुरकुरला, कुरकुरू दे म्हटलं. त्या दिवसांत काका दुपारचे झोपलेच नाहीत. पोस्टमन यायच्या वेळी पायऱ्यांवर बसून असत, आणि मी त्यांच्याशेजारी. फुलं गळून गेली, पानं आली.

उत्तर आलं जूनमध्ये. काकांनी ते फोडलं, चष्मा लावला आणि माझ्याकडे दिलं. ‘तू वाच. मोठ्यानं वाच.’ स्वयंपाकघरात सून होती, नात होती. मी वाचलं.

‘आपलं पत्र पोचलं. टिपण कुणी लिहिलं याचा मी पुष्कळ वर्षं विचार केला, नंतर सोडून दिला. माझं बरं चाललंय, गुरं आजारी पडतातच. कोर्टात मला विचारलं होतं, कामावर होतात याला पुरावा काय? माझ्याकडे नव्हता. वाडीतले लोक साथीनंतर पोटापाठी पांगले, मला कुणी सापडलं नाही. घरीही तोच प्रश्न होता. मी त्या अकरा दिवसांत कुठे होतो याबद्दल वडिलांचा माझ्यावर विश्वास बसला नाही, आणि ते तसेच गेले. माझ्यासाठी कुणी अर्ज केला होता, हे मला आपल्या पत्रानं पहिल्यांदा कळलं. माफीचं आपण लिहिलंय, ते मला एवढ्यात जमेलसं वाटत नाही. पण त्या अर्जावर कोण कोण होतं, ते आठवत असेल तर कृपा करून कळवा.’

नातीला मराठी सगळं कळलं नव्हतं. ती आईला कुजबुजत विचारत होती, ‘इज ही मॅड ॲट आजोबा?’ सुनेनं तिला जवळ ओढून घेतलं.

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, आता हे कोसळणार. वीस-बावीस वर्षांपूर्वी एकदा बघितलेला कागद. कुणाला आठवेल?

‘एरोग्राम घे,’ ते म्हणाले. ‘समास नको. लिही.’

त्यांनी डोळे मिटले.

‘निवृत्ती कोंडिबा. सखाराम बाळा. बाळा सखाराम, हा त्याचा मुलगा असावा, अंगठा लहान होता. काशीबाई, तुकारामाची बायको. तुकारामाचा अंगठा नाही. दगडू लोहार. इमाम दादाभाई, यानं उर्दूत सही केली होती. भागूबाई. धोंडिबा निवृत्ती...’

आवाज अगदी झोपेतल्यासारखा, संथ. एकही अडखळ नाही. मी लिहीत गेले आणि मला पुढचं दिसेनासं झालं, सुनेनं पदरानं माझे डोळे पुसले आणि मी पुन्हा लिहीत गेले. अठरा नावं झाली. काका थांबले. मी पेन खाली ठेवलं.

‘अजून एक आहे,’ ते म्हणाले. ‘सगळ्यात खाली, कोपऱ्यात. तोवर शाई संपली असावी. काजळात बुडवून उठवलेला अंगठा. बारीक, बाईचा असावा. नाव लिहायचं राहिलंय.’

‘मग काय लिहू?’

‘तसंच लिही. नाव माहीत नाही. पण त्यांना कळव, तीही आली होती.’